सांबारवडी म्हणजे कोथिंबीरवडी नव्हे



मागच्या वेळी प्रवासातल्या डब्यांवर लिहिलं होतं. या वेळी स्वयंपाकघरातच राहू या. निमित्त मात्र प्रवासाचंच आहे, माझ्या आईच्या.

डिसेंबरात आई महिनाभरासाठी आमच्याकडे बंगळुरूला आली. पांढुर्ण्याहून नागपूर आणि तिथून रेल्वेने बंगळुरू. सोबत आंबिया बहाराच्या संत्र्यांचं एक खोकं, घरच्या तुरीची डाळ, लाल तिखटाचा डबा आणि बिबड्यांची पिशवी. हमाल करायचा नाही हे तिचं तत्त्व असल्यामुळे हे सगळं तिने आणि माझ्या नवऱ्याने मिळून गाडीपर्यंत ओढत आणलं. "जावईबापू, राहू द्या जी, मी घेतो," असं दर दहा पावलांवर म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेली. मी मागून पोचले तेव्हा भाजीवाला तिला समोरच्या उडुपी हॉटेलकडे बोट दाखवत होता. आई मान हलवत होती, तो परत बोट दाखवत होता. तिने मागितलं होतं सांबार. एक जुडी.

विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी पुढे होऊन "कोत्तंबरी" म्हटलं आणि त्याने लगेच जुडी काढून दिली. कोथिंबीर आणि कन्नडमधलं कोत्तंबरी हे जवळचे नातेवाईक. म्हणजे पुण्याचा शब्द बंगळुरूत थोडाफार चालतो आणि पांढुर्ण्याचा शब्द थेट हॉटेलात पाठवतो! घरी येऊन आम्ही खूप हसलो. आईही हसली. तोवर सगळं छान चाललं होतं.

आता थोडं आमच्या भागाबद्दल. मंडळात माझं गाव पांढुर्णा म्हटलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "हे कुठे आलं?" दुसरी, "तेच का, दगडफेकीचं?" दुसरीवाल्यांना गोटमार माहीत असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळवण्यासाठी या काठावरचं पांढुर्णा आणि त्या काठावरचं सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. त्यामागे पळून जाणाऱ्या एका जोडप्याची कथा सांगतात. दरवर्षी माणसं जखमी होतात आणि दरवर्षी बातमी होते. आम्हा मुलींना त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकू देत नसत, त्यामुळे अभिमानाने सांगावं असं माझ्याकडे त्यातलं काही नाही.

पहिलीवाल्यांसाठी: नागपूरहून सावनेरपर्यंत या. तिथे रस्ता फुटतो. एक जातो पांढुर्णा, मुलताई, बैतूलकडे आणि दुसरा सौंसर, छिंदवाड्याकडे. पांढुर्णा माझं माहेर आणि सौंसर माझं आजोळ. त्यामुळे सावनेरच्या त्या फाट्यावर "आज कुठल्या बाजूला?" हा माझ्या लहानपणीचा सर्वांत मोठा प्रश्न असायचा. आजोळच्या बाजूला गेलं की वाटेत जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला नमस्कार ठरलेला, आणि रामाकोन्याच्या मावशीकडे जायचं असलं की सौंसरहून छोट्या रुळांची गाडी. ती आता राहिली नाही, तिथे मोठे रूळ आलेत.

दोन्ही रस्त्यांवर कापूस, तूर, संत्र्यांच्या बागा आणि मराठी. हो, मराठीच. 1956 पर्यंत आम्ही आणि नागपूर एकाच राज्यात होतो आणि त्या राज्याची राजधानीच नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत आम्हीही. लोक हलले नाहीत, भाषा हलली नाही. राजधानी तेवढी नागपूरहून भोपाळला गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आलं. म्हणजे माझी दोन्ही गावं शेवटी एका जिल्ह्यात आली.

यामुळे झालं काय, की आम्ही घरात मराठी आणि शाळेत हिंदी. पाटीवर हिंदी, परीक्षा हिंदीत, तहसीलीतला अर्ज हिंदीत. मराठी लिहायला कुणी शिकवलंच नाही. ती फक्त बोलायची भाषा राहिली. चुलीजवळची, शेतातली, भांडणातली, अंगाईतली.

बी. ई. नागपूरला केलं तोवर काही अडचण आली नाही. तिथे सगळे आमच्यासारखंच बोलायचे. पहिली नोकरी पुण्यात लागली. बावीस वर्षांची होते. फ्लॅटवर आम्ही चौघी. पहिल्याच संध्याकाळी एकीने फोनवर विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, "स्वयंपाक करून राह्यली." तिने फोन खाली धरून बाकीच्या दोघींना ते वाक्य ऐकवलं. मग माझा आलू, माझा निंबू, माझे फल्लीदाणे, सगळ्यांचा रोज एक प्रयोग. दुष्टपणा नव्हता त्यात. त्या मुली आजही माझ्या मैत्रिणी आहेत. ऑफिसात तर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मनापासून कौतुक केलं होतं, "एमपीची असून किती छान मराठी बोलतेस!" मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सहा महिन्यांत मी आलूचा बटाटा केला, निंबूचं लिंबू केलं, सांबाराची कोथिंबीर केली. 'मले' गेलं, 'मला' आलं. सॉफ्टवेअरवाली मी, शोधा आणि बदला हे काम मला चांगलं जमतं. फक्त आईशी फोनवर बोलताना जुनं मराठी आपोआप सुरू व्हायचं आणि तेव्हा मी बाल्कनीत जाऊन बोलायचे.

लग्न पुण्याच्या मुलाशी झालं. सासूबाई अगदी प्रेमळ आहेत, कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण आमच्या साखरपुड्यात आई त्यांना म्हणाली, "आलूच्या भाजीत भेदरं टाकता का तुम्ही?" आणि त्या समजून घेईपर्यंत मीच मधे पडले, "म्हणजे बटाट्याच्या भाजीत टोमॅटो." आई थोडी थांबली आणि म्हणाली, "हो, तेच ते." हा प्रसंग मी विसरले होते. तो आठवायला पुढची गोष्ट घडावी लागली.

आमची चिऊ सहा वर्षांची आहे. रविवारी मंडळाच्या मराठी वर्गाला जाते. आवडीने जाते, आणि वर्गाच्या ताई फार मन लावून शिकवतात. त्या आठवड्यात त्यांनी 'ळ' घेतला होता. बाळ, फळ, केळं, पोळी. शाळेत कन्नड असल्यामुळे चिऊचा ळ तसाही खणखणीत आहे.

आजी आल्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी, शाळेतून आल्यावर आजी म्हणाली, "चिऊ, केयं खाशीन का?"

चिऊ म्हणाली, "आजी, केयं नाही. केळं. म्हण, ळ."

आमच्या बोलीत ळचा य होतो. काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया, डाळ म्हणजे डाय. आजीने हसत म्हणून पाहिलं. जमलं नाही. चिऊने ताईंसारखं जीभ कुठे लावायची ते दाखवलं. आम्ही दोघं नवरा-बायको लॅपटॉपवरून मान वर करून हसलो. नवऱ्याने व्हिडिओ काढून दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकला. खूप हसरे चेहरे आले.

त्यानंतर बरेच दिवस माझ्या काही लक्षात आलं नाही. माझं रिलीज होतं, रात्री उशिरापर्यंत कॉल चालायचे. एका दुपारी घरून काम करत होते आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "चिऊ बेटा, केला खाओगी? दूध दूँ?"

मला वाटलं, कामवाल्या ताईंशी बोलत असेल. मग संध्याकाळी परत तेच. गोष्ट सांगायची तीही हिंदीत. भात भरवायचा तोही हिंदीत. माझ्याशी मराठी, चिऊशी हिंदी. म्हणजे जी बाई आयुष्यभर मध्य प्रदेशात राहूनही माझ्याशी घरात कधी हिंदी बोलली नाही, ती बंगळुरूला येऊन मराठी शिकणाऱ्या नातीशी हिंदी बोलत होती.

रात्री सगळे झोपल्यावर मी विचारलं. पहिल्यांदा तिने उडवून लावलं. मग म्हणाली, "माहं बोलणं अशुद्धच हाय. पोरगी शायेत जाऊन चांगलं शिकून राह्यली. माह्यामुळं तिचं बिघडलं तं? हिंदी मले बरोबर येते. मॅट्रिकपर्यंत हिंदीतच शिकली मी. त्यात कोणी चूक काढत नाई."

मी म्हटलं, "अगं, ती लहान आहे, तिला काय कळतं?"

आई म्हणाली, "तिचं काई नाई वो. तूही तं तसंच करतं."

आणि मग तिने साखरपुड्यातली ती भाजी सांगितली. आठ वर्षांपूर्वीची. आलू, भेदरं आणि माझं मधे पडणं. रागाने नाही सांगितलं. हिशेबाच्या वहीतली जुनी नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं. एवढंच नाही, फोनवर ती 'मले' म्हणाली की मी उत्तरात मुद्दाम 'तुला' म्हणते, हेही तिला माहीत होतं. मलाच ते माहीत नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चिऊने जे केलं ते वर्गात शिकलेलं नव्हतं. वर्गात ती फक्त ळ शिकली होती. आजीला दुरुस्त करायचं असतं, हे ती माझ्याकडून शिकली होती.

दुसऱ्या दिवशी माफीबिफी मागण्याचं धाडस मला झालं नाही. आमच्या घरात तशी पद्धतही नाही. मी आईला म्हटलं, "शनिवारी सांबारवडी करू या. तू सांग, मी आणि चिऊ करतो." सांबार हा शब्द मी बऱ्याच वर्षांनी बाल्कनीबाहेर उच्चारला.

आणि आईने सांगितलं, तिच्या पद्धतीने: "सांबार आदल्या राती धुवून फडक्यावर पसरून ठेवजो. ओला राह्यला तं वडी तेलात फुटते. थंडीचाच घेजो, उन्हाळ्यातला घेऊ नोको, त्याले चव नसते."

ज्यांना करून पाहायची असेल त्यांच्यासाठी थोडक्यात कृती. दोन मोठ्या जुड्या कोथिंबीर धुऊन, पूर्ण कोरडी करून बारीक चिरायची. थोड्या तेलात लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, खसखस आणि किसलेलं सुकं खोबरं परतायचं, काळा मसाला, मीठ आणि असेल तर चारोळी घालायची. गॅस बंद करून मग त्यात कोथिंबीर मिसळायची. ती शिजवायची नाही. वरून लिंबू. पारीसाठी बेसन आणि थोडी कणीक, मीठ, हळद, तिखट आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं. पारी लाटली की तिला आतून चिंचेचा कोळ, तेल आणि मसाल्याचा हात लावायचा, भरपूर सारण ठेवायचं, पाकिटासारखी घडी घालून कडा नीट बंद करायच्या आणि मध्यम आचेवर तळायची. सोबत कढी. कढीशिवाय सांबारवडी देणं आमच्याकडे पाहुण्याचा अपमान समजतात. हिला पुडाची वडीही म्हणतात, कारण ती पुडीसारखी बांधलेली असते.

पारीच्या कडा बंद करायचं काम चिऊकडे होतं. काम करता करता तिने विचारलं, "आजी, ही कोथिंबीरवडी आहे ना? पुण्याची आजी करते ती?"

मी तोंड उघडणार होते. आईच म्हणाली, "नाई. ते येगळी, हे येगळी."

आणि खरंच वेगळी आहे! पुण्याची कोथिंबीरवडी म्हणजे कोथिंबीर बेसनात कालवायची, उकडायची, कापायची आणि तळायची. खुसखुशीत, सुबक, चहाबरोबर छान. सांबारवडीत कोथिंबीर कच्चीच्या जवळ असते, बेसन नुसतं बाहेरून आवरण. पहिलीत कोथिंबीर बेसनाला चव देते. दुसरीत बेसन कोथिंबिरीला सांभाळतं. मला दोन्ही आवडतात. पण मी जर 'सांबार'च्या जागी सगळीकडे 'कोथिंबीर' टाकत गेले, तर चिऊच्या डोक्यात एकच वडी उरेल. ती पुण्याची उरेल, कारण तिचं नाव उरेल. शब्द दुरुस्त करताना मी पदार्थच पुसत होते, आणि तो करणारी बाई गप्प होत होती. शोधा आणि बदला करताना आधी काय काय बदललं जाईल ते पाहावं, हे ऑफिसात मी ज्युनिअर मुलांना शिकवते.

मला गैरसमज नको. प्रमाण मराठी हवीच. मी हा लेख प्रमाण मराठीतच लिहिते आहे, कारण बेळगावच्या, नाशिकच्या, पणजीच्या आणि सौंसरच्या वाचकाला तो सारखाच वाचता यावा. चिऊने ळ शिकलाच पाहिजे. पण प्रमाण म्हणजे शुद्ध आणि बाकीचं अशुद्ध, हा हिशेब चुकतो. एकोणिसाव्या शतकात शाळेची पुस्तकं मुंबई-पुण्याकडे तयार झाली, म्हणून तिकडची मराठी पुस्तकाची मराठी झाली. ती नागपुरात तयार झाली असती तर आज पुण्याची मुलं बाल्कनीत जाऊन 'कोथिंबीर' म्हणाली असती. आणि जुनेपणाच म्हणाल, तर मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिला तो रिद्धपूरला. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, पांढुर्ण्याहून वरुड-मोर्शीच्या वाटेनं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण मंडळात पेढे वाटले होते. त्या पेढ्यात माझ्या आईच्या मराठीचाही वाटा होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आमच्या बोलीत एक गोष्ट तर प्रमाण मराठीत नाहीच. वरती आई म्हणाली ना, "ठेवजो", "घेजो"? ही आज्ञा आत्ताची नाही, पुढची आहे. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे जमेल तेव्हा, सवडीनं, पण ये. हिंदीतल्या 'आना'सारखं, पण जास्त मऊ. पुण्यात शिकलेल्या मराठीत मला याला अजून पर्याय सापडलेला नाही.

मी वर्गाच्या ताईंना हे सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, मला त्याहून जास्त. पण पुढच्याच रविवारी त्यांनी मुलांना आजी-आजोबांचा एकेक शब्द आणायला सांगितला. चिऊने 'गंज' नेला. गंज म्हणजे पातेलं, लोखंडाचा नव्हे! मग कळलं की एकाच्या आजीकडे त्याला टोप म्हणतात, एकीच्या आजोळी, मराठवाड्यात, भगुणं. एका वर्गात एकाच भांड्याला चार नावं. फळ्यावर चारही लिहिली आणि कुठल्याही नावासमोर फुली मारली नाही.

आई संक्रांतीच्या आधी परत गेली. सगळं ठीक झालं असं म्हणणार नाही. आजही फोनवर चिऊ आली की तिची पहिली दोन-तीन वाक्यं हिंदीत असतात. एकदा गप्प केलेलं माणूस एका सांबारवडीने बोलायला लागत नाही. मी घाई करत नाही. फक्त आता फोन आला की बाल्कनीत जात नाही. हॉलमध्येच बसून, नवऱ्यासमोर, चिऊसमोर बोलते. 'मले' म्हणते. आधी जीभ अडखळायची, आता अडखळत नाही.

मागच्या आठवड्यात चिऊने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "आजी, तू परत कधी येशीन?"

तिकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "उन्हाळ्यात तूच येजो, माय. सरगुंडे करीन तुह्यासाठी."

सरगुंडे म्हणजे काय, हे चिऊने मला विचारलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, आजीलाच विचार.

तुमच्याकडे पातेल्याला काय म्हणतात, आणि हा शब्द तुम्ही शेवटचा केव्हा मोठ्याने म्हणालात, ते मला जरूर कळवा. बाकी पुढच्या महिन्यात भेटूच. सवडीनं येजा.